गाडीची ओटी

मांजरसुंबा,
९ फेब्रुवारी

स्वप्नाली,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील, आधी हक्क सांगते आणि मागून काम. म्हणून थेट कामाचंच लिहिते.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. प्रयोगशाळेचा पत्ता तुझ्या त्या चार वर्षांपूर्वीच्या कागदाच्या डोक्यावर छापलेला होता, तो मला पाठ आहे. कसा पाठ झाला ते विचारू नकोस. फोन करत नाही, कारण माझा नंबर तुझ्या फोनला लागत नाही, आणि तो का लागत नाही हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

काम असं. चौसाळ्याचा धर्मराज तुला आठवत असेल, मास्तरणींना रोज बीडला नेतो-आणतो. त्याची दोन वर्षांची गाडी गेल्या मंगळवारी उड्डाणपुलावर एकाएकी बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हातभर अंतरावर ब्रेक मारला. आत सात जणी होत्या. कुणाला खरचटलं नाही, पण एक अजून शाळेत जायला तयार नाही म्हणे. गाडी ओढून आपल्या ऑइलच्या दुकानासमोर, सलीमच्या गॅरेजात आणली. त्याने इंजिन उघडलं आणि मला रस्त्यापलीकडून हाक मारली.

"वहिनी, जरा इकडं या. हे बघा काय झालंय."

त्याच्या हातात टॅपेट होतं. कुंकवाच्या करंड्याएवढी लोखंडी टोपी, जिच्यावर झडपा उघडणारा कॅमचा दांडा घासत फिरतो. नव्या गाड्यांत ही टोपी काळीभोर असते, तोंड बघावं इतकी चकचकीत, हे मला आता ठाऊक आहे. हिची मधली काळी झिलई पार निघून खालचं पांढरं लोखंड उघडं पडलं होतं.

"ह्यो डाग न्हाई," सलीम म्हणाला. "सालटं निघालंय. तेल बराबर हाय, टायमावर बदललेलं हाय. मग कावून निघालं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मेकॅनिक तू की मी?"

धर्मराज दर सर्व्हिसिंगला अप्पांची काळी बाटली घालतो, हे मी सलीमला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत असणारच. आपल्या दुकानातून तेल घेतलं आणि सोबत अप्पांनी स्वतः बनवलेलं मोलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमचं, औषध घेतलं नाही, असं गिऱ्हाईक बीड तालुक्यात सापडायचं नाही. जुनी जीप त्या औषधाने मांजरीसारखी गुरगुरायला लागते, हे तूही लहानपणी कानांनी ऐकलं आहेस.

आता प्रश्न. धर्मराजचं विचारत नाही, त्याने पाच-सहा बाटल्या ओतल्यात. दुसरं एक गिऱ्हाईक आहे. बाई आहे. तिच्या नव्या गाडीत आपली अर्धीच बाटली गेलीय, तीही एकदाच. तर काय होतं? लगेच काही होतं का? त्या गाडीत लहान मूल बसतं, म्हणून ती बाई घाबरलीय.

तुझे बाबा, म्हणजे सगळ्या गावाचे अप्पा, आहेत तसेच आहेत. लकवा मारलेला उजवा हात मांडीवर, तोंडातून दोन-चार शब्द, तेही चावून चावून. लकव्याआधी त्यांनी करून ठेवलेल्या औषधाच्या डब्यांतूनच मी अजून बाटल्या भरते. रोज सकाळी काउंटरमागे खुर्ची टाकून बसवते. नवीकोरी गाडी दारात थांबली की डाव्या हाताने धाड धाड काउंटर ठोकतात. मी म्हणते, हो हो, देते, गिऱ्हाईक काय पळून जातंय का! धंद्याची उमेद अजून आहे त्यांना, मला बरं वाटतं.

उत्तर दोन ओळींचं लिहिलंस तरी चालेल.

आई

ता.क. तुझी गाडी कशी चालतेय? आवाज वगैरे काही? आपलं सहज विचारलं.


मांजरसुंबा,
१९ फेब्रुवारी

स्वप्नाली,

दहा दिवस झाले. पोस्टमन रस्त्याने जातो तेव्हा मी काउंटरच्या बाहेर येऊन उभी राहते. तो आता लांबूनच मान हलवतो.

कदाचित तू माझं अक्षर बघूनच पाकीट बाजूला ठेवलं असशील. ठेव. पण ते माझ्यासाठी नाही, त्या बाईसाठी आहे, तेव्हा फोड. ती रोज येऊन विचारते. मी तिला काय सांगू? ती स्वयंपाक करताना मधेच थांबते. भाकरी करपली तरी तिला कळत नाही. घाटातून गाडीचा कर्कश आवाज आला की तिचा जीव टांगणीला लागतो.

धर्मराजच्या गाडीचं ते टॅपेट मी सलीमकडून मागून आणलंय. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलंय, अप्पांना दिसू नये म्हणून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काढून बघते. मधला पांढरा भाग बोटाला गुळगुळीत लागतो. काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर नख फिरवलं तर जेमतेम कळतं. इतका पातळ लेप! त्या एवढ्याशा लेपावर माणसं आपली लेकरंबाळं बसवून ताशी शंभरने जातात, आणि मी चार वर्षं गल्ल्यामागे बसून त्यावर औषध विकतेय.

तू हेच सांगायला आली होतीस. काउंटरवर कागद चिकटवलास, मोठ्या अक्षरांत छापलेला, वर प्रयोगशाळेचं नाव-पत्ता, खाली तुझी सही. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. अप्पांनी कागद वाचला आणि टराटरा फाडला. म्हणाले, "माझ्याच दुकानात माझ्याच औषधाला इख म्हणतीस?" तू म्हणालीस, "विष नाही म्हणाले. जुन्या गाडीला चांगलंच आहे. नव्या लेपाला नाही." मी काय बोलले ते लिहीत नाही. तू तिथेच होतीस.

बरं, लिहिते. मी गिऱ्हाइकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "पोरगी लई शिकली की असंच व्हतं, मनावर घेऊ नका." तेव्हा सगळे हसले. तुझा चेहरा मी बघितला नाही. बघायचं टाळलं.

काळ्या बाटल्या मी आतल्या फडताळात ठेवल्या आहेत. मागेल त्याला सांगते, संपल्या. गंमत म्हणजे तेव्हापासून अप्पांचं काउंटर ठोकणं बंद झालंय. नवी गाडी येते, जाते, हे शांत बसून बघतात. रुसले असतील.

तुझी गाडी पांढरीच ना? कुठल्या सालची? तिच्यात तसला काळा लेप असतो का? सलीम म्हणतो, त्या कंपनीच्या नव्या इंजिनात असतो. पण सलीमला काय, तो काहीही सांगतो.

आई


मांजरसुंबा,
२ मार्च

स्वप्नाली,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं, अर्धं पान. वर 'महोदया'. असू दे. मला महोदया म्हणणारी तू पहिलीच.

मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता न बघता म्हणता येईल. लोखंडावर लोखंड घासतं तिथे मोली निसरडा पापुद्रा धरते, तिथे ती उपयोगाची. पण एका बाजूला हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा लेप आणि समोर लोखंड असेल, तर त्याच मोलीपासून तयार होणारे पदार्थ लेपातला कार्बन खातात. लेप कोणत्या जातीचा, आणि तेलात जस्ताचं झीज रोखणारं मिश्रण किती, यावर वेग ठरतो. अर्ध्या बाटलीने किती झिजेल ते इंजिन उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या बाईंनी तेल ताबडतोब बदलावे आणि गाडी तपासून घ्यावी.

आणि शेवटचं वाक्य. 'गाडी पूर्वीपेक्षा गुळगुळीत चालते, या गोष्टीवर भरवसा ठेवू नये. घर्षण कमी होत असतानाच झीज वाढत असते.'

या वाक्याने माझी झोप उडवली आहे. इतके दिवस मी मनाला समजावत होते की काही बिघडलं असतं तर आवाज आला असता. आता कळलं, आवाज नाही म्हणूनच घाबरायचं.

काल धर्मापुरीहून तुझ्या सासूबाई आल्या होत्या, नणंदेच्या लग्नाची पत्रिका द्यायला. साखराबाई म्हणजे मोकळं माणूस. अप्पांच्या हातात पत्रिका दिली, चहा घेतला आणि सांगून टाकलं, "बारा तारखेला समदी गाडीनंच येनार हायती. राजेश्वर, तुमची लेक, कावेरी, आन् मागं आहेराचं सामान." मी विचारलं, "गाडीनं कावून? बस काय वाईट हाय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नवी गाडी दारात असताना सून लग्नाला बसने आली, तर धर्मापुरीत काय म्हणतील, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग मीच तुला सांगते. बसने या. पाटोद्याकडून रस्ता उकरून ठेवलाय. उन्हं वाढली आहेत. लग्नात गाड्या लावायला जागा नसते. कावेरीला गाडी लागते ना? लागत नसेल तर लागायला लागेल.

वरचं सगळं वाचून बघितलं. एकही कारण धड नाही. हे पाकीट बंद करून पोस्टात टाकणार आहे, आणि टाकल्यावर मला माझीच लाज वाटणार आहे, हेही ठाऊक आहे.

आई


मांजरसुंबा,
६ मार्च

स्वप्नाली,

गाडी चालवू नकोस.

हे पत्र स्पीडपोस्टाने पाठवतेय, पण त्याच्या आधी तुला निरोप मिळालेला असेल. आज सकाळी मी सलीमच्या गॅरेजात गेले आणि त्याला राजेश्वररावांना फोन लावायला सांगितलं. तो म्हणाला, "काय सांगू?" मी म्हटलं, "एवढंच सांग की गाडी जागेवरनं हलवू नका, तेल काढून टाका, बाकीचं पत्र येतंय." सलीमने फोन केला, ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमी त्या गाडीत घातलं?" मी मान हलवली. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

ती बाई मी आहे. गाडी तुझी आहे. मूल आपली कावेरी आहे.

कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला तुम्ही आलात. राजेश्वरराव म्हणाले म्हणून दोन तास इथे थांबलात, तेवढ्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. तू अप्पांजवळ बसलीस. माझ्याशी बोललीस ते पाणी दे, चहा नको, एवढंच. निघायची वेळ झाली तेव्हा मी ताट आणलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. चार वर्षांनी लेक दारात आलेली. तू पदर पुढे केला नाहीस. "आई, ओटी नको." आणि अप्पांच्या पायाशी जाऊन बसलीस. ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

तेलाची पिंपं घेऊन टेंपो आला होता, म्हणून सलीमने तुझी गाडी लिंबाखाली नेऊन लावली होती. किल्ली काउंटरवर होती. कावेरी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी ताट हातात घेऊन तिथे गेले. लेक रिकाम्या ओटीने चालली, तर निदान तिची गाडी तरी रिकामी जाऊ नये, एवढंच डोक्यात. बॉनेट उघडलं. आधी हळद-कुंकू लावलं, चिमूटभर तांदूळ टाकले. मग वाटलं, तांदळाने गाडीचं काय होणार? आमच्या घराकडे गाडीला द्यायला सगळ्यात मोलाचं जे आहे ते द्यावं. कमरेला खोचलेली काळी बाटली काढली आणि अर्धी ओतली. पुरी ओतणार होते, पण तेवढ्यात तुझा आवाज आला.

तेव्हा तुझा कागद मला आठवला नाही, असं लिहू शकले असते. पण आठवला होता. मला वाटलं, अप्पांचं औषध लेकीच्या गाडीला कसं बाधेल? शिकलेल्यांचे कागद एकीकडे आणि आपल्या हातचं दुसरीकडे. असं वाटलं. मी आजवर कधी तुझं म्हणणं खरं मानलंच नव्हतं, स्वप्नाली. तू चुकली आहेस, एवढंच धरून चार वर्षं बसले.

अप्पा आतून काउंटर ठोकत होते. लई जोरात. मला वाटलं, नात चालली म्हणून ठोकताहेत.

कावेरीने विचारलं, "आजी, काय करतेस?" मी म्हटलं, "गाडीची ओटी भरतेय. आईला सांगायचं नाही. शपथ?" आणि तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला. पाच वर्षांच्या लेकराला मी आईपासून लपवायला शिकवलं. तेल बदलता येतं, टॅपेट बदलता येतात. हे कशाने बदलायचं ते तुझ्या प्रयोगशाळेत विचारून बघ.

आणि एक. माझा नंबर तू बंद केलास त्याला कारण आहे. अप्पांना लकवा झाला त्या आठवड्यात दवाखान्याच्या जिन्यावरून मी तुला फोन केला आणि म्हणाले, "तुझ्या कागदानं त्यांचा हात गेला." डॉक्टरांनी मला तासभर आधीच सांगितलं होतं की त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला होता, गोळ्या घेतल्याच नव्हत्या. मला ते माहीत होतं. तरी म्हणाले. कुणाच्या तरी डोक्यावर ते ओझं टाकायचं होतं, आणि तुझं डोकं लांब होतं.

आता या पत्रात लपवलेलं काही उरलं नाही. तू आलीस ते दोन तास मला पुरवून पुरवून वापरायचे होते, म्हणून महिनाभर 'ती बाई' 'ती बाई' करत बसले. मला वाटलं, खरं सांगितलं की तेही हातचे जातील. पण तू, कावेरी, राजेश्वरराव, मागे आहेराचं सामान, आणि घाटात मागून ट्रक, हे मी उघड्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

मला कळव. शिव्या घालून कळव. महोदया लिहून कळव.

आई


मांजरसुंबा,
२४ मार्च

स्वप्नाली,

तुझं पत्र सलीमने आणून दिलं. पोस्टमन आपला पत्ता सोडून त्याच्याकडे देऊन गेला, कारण मी दुकान बंद करून अप्पांना बीडला तपासायला नेलं होतं. काळजीचं नाही. सलीमने पाकीट उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "हातानं लिव्हलंय, वहिनी. टाइप न्हाई." त्यालाही एवढं कळतं.

वर 'आई' लिहिलंय, ते वाचून मी पुढचं पान तासभर उलटलं नाही.

मग उलटलं. सोळा टॅपेट. तेरांचा लेप पातळ झालेला, तीनांचा मधोमध गेलेला. तुमच्या गॅरेजवाल्याने लिहून दिलंय, अजून थोडे दिवस अशीच चालली असती तर लोखंडाचा भुसा सगळ्या इंजिनात फिरला असता. तुम्ही लग्नाला बसने गेलात. साखराबाईंनी काय तोंड केलं असेल ते मी इथे बसून बघू शकते.

तू लिहितेस, कावेरीला विचारलं तर ती अजूनही सांगत नाही. "आजीला शपथ दिलीय," म्हणते, आणि लाडूचंही कबूल करत नाही. तिला सांग, आजीने शपथ सोडवली. हे तिला माझ्याच तोंडून ऐकायचं असेल, तर माझा नंबर तुझ्याकडे आहे.

तू पुढे लिहिलंस ते मला सगळ्यात जड गेलं. की तुझाही कागद अर्धाच होता. बाटली न विचारता उचलून नेलीस, मशीनवर घासून बघितलीस, पण अप्पा तिच्यात नेमकं काय आणि किती घालतात ते कधी विचारलं नाहीस, आणि चार लोकांसमोर सही करून चिकटवलास. 'बाबांना विचार, सांगतील का. सांगणार नाहीत, माहीत आहे.'

मी विचारलं. आधी तांदळाचा डबा उघडला, धर्मराजचं टॅपेट काढलं आणि त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं होतं, भिरकावून देतील. त्यांनी अंगठ्याने मधला पांढरा भाग चाचपला, कडेचा काळा चाचपला. मग मी तुझ्या गाडीचं सांगितलं. एका दमात सगळं. ओटीचं, बाटलीचं, पत्रांचं.

ते खूप वेळ तोंड हलवत राहिले. मग शब्द आला. "ठावं... हाय."

"काय ठावं हाय?"

"म्या... नव्याला... देत न्हवतो."

मला समजलंच नाही. मी सलीमला हाक मारली. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तुमच्या पोरीचा कागद फाडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं अप्पांनी नव्या गाडीत औषध घालणं बंद केलतं. मला म्हणायचे, नवी गाडी आली की सांगायचं, बाटली संपली. तुमाला बी सांगणार होते. म्हणायचे, आधी पोरीला फोन करीन, मंग बायकोला सांगीन. तेवढ्यात लकवा झाला. मला वाटलं, तुमाला ठावं असंल, तुमचं बघून तुमी विकत असाल."

आणि म्हणून ते काउंटर ठोकत होते, स्वप्नाली. चार वर्षं. नवी गाडी आली की धाड धाड. नको देऊस, नको देऊस. आणि मी म्हणत होते, हो हो, देते. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला तेव्हा ते आतून हात फुटेस्तोवर ठोकत होते. त्या संध्याकाळी मी त्यांच्या तळहाताला तेल लावलं होतं आणि विचारलं होतं, एवढं कशापायी ठोकायचं?

या घरात तुझं खरं न मानणारी मी एकटीच होते. हे मला आता रोज उठून स्वतःला सांगावं लागणार आहे. सांगेन.

तर, कृती. तीन दिवस लागले. एकेक शब्द, आणि शब्द न आल्यास बोटाने दाखवून. जाड तेल चार लिटर. त्यात मोलीचा अर्क अप्पांच्या थर्मासच्या झाकणाने तीन झाकणं, थंडीत काठोकाठ, उन्हाळ्यात बोटभर कमी. नंतर दोन दिवस उन्हात, सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा हलवायचं. बस्स. एवढ्यासाठी तीस वर्षं ते आतलं दार लावून घेत होते! मी हसले तर तेही हसले, अर्ध्या तोंडाने.

झाकणात किती मावतं ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून झाकणच पाठवतेय, तू तुझ्या नळीने मोज. पार्सलात फुटू नये म्हणून आत तांदूळ भरलेत आणि त्या दिवशी ताटातच राहिलेल्या खणात बांधलंय. ओटी म्हणून नाही घेतलीस तरी चालेल. तांदूळ कावेरीला चिमण्यांपुढे टाकू दे, खण कशाला तरी होईल. झाकण मात्र जप.

कृती लिहून झाल्यावर अप्पांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. मी काउंटरवर पुठ्ठा ठेवून दिला. डावा हात, त्यात सवय नाही. सकाळी सुरुवात केली ती जेवणाची वेळ टळेपर्यंत चालली होती. मी बाजूला उभी होते, एकही अक्षर सांगितलं नाही. तुझ्या कागदावरचंच वाक्य आहे, शब्द न् शब्द. तो पुठ्ठा आता काउंटरवर आहे, तू चिकटवला होतास त्याच जागी. खाली सही तुझ्या नावाची केलीय त्यांनी, स्वतःची नाही.

'काळ्या लेपाच्या नव्या गाडीत घालू नये. — स्वप्नाली'